संकटकाळातील भरवसा : खारपाणपट्ट्यातील ख्रिस्ती कुटुंबांसाठी

पूर्णा नदीच्या खोऱ्यात ज्या भागातील भूजल खारे आहे, त्याला वऱ्हाडात खारपाणपट्टा म्हणतात. अमरावती जिल्ह्यातील भातकुली, दर्यापूर आणि अंजनगाव सुर्जी या तालुक्यांचा मोठा भाग आणि अकोला व बुलडाणा जिल्ह्यांतील लगतची गावे या पट्ट्यात मोडतात. येथे विहीर खणली तरी तिचे पाणी पिकाला मानवत नाही, त्यामुळे शेतकऱ्याचे वर्ष खरिपाच्या एका हंगामावर तोललेले असते : मृगाचा पाऊस वेळेवर आला तर कापूस, तूर, मूग, सोयाबीन, आणि जमिनीत ओल टिकली तर मागून हरभरा. पाऊस ओढला गेला की दुबार पेरणी करावी लागते, दुबार पेरणीसाठी कृषी केंद्राची उधारी वाढते, आणि 2017 साली गुलाबी बोंडअळीने केले तसे नुकसान झाले की सोसायटीचे पीककर्ज, हातउसने आणि सावकाराचे पैसे अशी तिहेरी देणी एकाच घरावर येऊन पडतात. 1 जुलै 2006 रोजी केंद्र सरकारने अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले, ते शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर. त्यानंतर दोन दशके उलटत आली तरी हा प्रश्न संपलेला नाही.

या प्रदेशात ख्रिस्ती कुटुंबे थोडी आणि विखुरलेली आहेत. अमरावती जिल्ह्याच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. तथापि त्यांची मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा स्थानिक समाज, जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अलायन्स मिशनने अकोला, खामगाव, अमरावती या भागांत काम उभे केले, परतवाड्याजवळच्या कोठारा येथे कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय आले, आणि 1955 मध्ये अमरावती हा कॅथलिक धर्मप्रांत स्वतंत्र झाला. या मंडळ्यांतून दर रविवारी ‘देवावर भरवसा ठेवा’ हा उपदेश ऐकू येतो. प्रश्न असा की, पीक गेलेल्या, आजारपणाने खचलेल्या किंवा घरातील कर्ता गमावलेल्या कुटुंबाने या उपदेशाचे नेमके काय करावे. भरवसा ही मनात आणण्याची भावना असेल, तर ती आणता न येणाऱ्या माणसाला तो उपदेश आणखी एका ओझ्यासारखा वाटतो, आणि मग तो आपले दुःख मंडळीपासून लपवू लागतो. पवित्र शास्त्रातील भरवसा मात्र बहुतांशी कृतीतून दिसतो, आणि कृती शिकता येते, एकमेकांना शिकवता येते, मन साथ देत नसतानाही करता येते.

त्यासाठी प्रथम एक समजूत दूर करावी लागते, ती म्हणजे संकट हे पापाचे फळ असते ही. आपत्ती आलेल्या घरात भेटीस येणारे लोक, बहुधा सद्हेतूनेच, ‘कुठेतरी चुकले असेल’, ‘प्रार्थना कमी पडली असेल’ असे बोलून जातात. ईयोबाच्या ग्रंथातील तिन्ही मित्रांचा युक्तिवाद नेमका हाच आहे, आणि ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप त्या मित्रांवर होतो, देवाशी उघडउघड वाद घालणाऱ्या ईयोबावर होत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य विचारतात की पाप याने केले की याच्या आईबापांनी. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांविषयीही तो हेच सांगतो की ते इतरांहून अधिक पापी नव्हते. ज्यांच्या हातात मंडळीचे शिक्षण आहे अशा पाळकांनी आणि वडीलजनांनी हे तीन उतारे संकट येण्याआधी, साध्या रविवारी, शिकवून ठेवले पाहिजेत. मयताच्या घरी बसलेल्या माणसाला धर्मशास्त्राचा विचार करण्याइतकी उसंत नसते. तेथे आधी शिकलेलेच कामी येते.

दुसरी गोष्ट विलापाची. बायबलमधील प्रार्थनागीतांच्या संग्रहाला स्तोत्रसंहिता म्हणतात. त्यातील 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापस्तोत्रे मानली जातात, म्हणजे ज्यांत भक्त देवापुढे तक्रार मांडतो, विलंबाचा जाब विचारतो आणि रडतो. यांतील बहुतेक स्तोत्रे अखेरीस स्तुतीकडे वळतात, पण 88वे स्तोत्र वळत नाही. ते अंधारातच संपते, आणि तरीही ते प्रार्थना म्हणून शास्त्रात जतन झाले आहे. वधस्तंभावर येशूने आपण टाकले गेलो असा जो आक्रोश केला, तोही 22व्या स्तोत्राच्या आरंभातून आलेला आहे. असे असताना मराठी मंडळ्यांतील साक्षींचा, म्हणजे देवाने काय केले हे सर्वांसमोर सांगण्याचा, प्रघात जवळजवळ पूर्णपणे सुटलेल्या संकटांपुरता उरला आहे. कर्ज फिटले, रोग बरा झाला, मुलाला नोकरी लागली, की साक्ष दिली जाते. ज्याचे काहीच सुटलेले नाही त्याला उभे राहून बोलण्याची जागा नसते. ही उणीव गंभीर आहे. घरगुती प्रार्थनासभेत आठवड्यातून एकदा तरी एखादे विलापस्तोत्र मोठ्याने वाचावे, आणि त्यानंतर कोणी आपली अडचण सांगितली तर तिच्यावर लगेच वचनाचा उतारा देऊन ती मिटवण्याची घाई करू नये. पुरुषांना हे अधिक अवघड जाते, म्हणून वाचनाची सुरुवात घरातील पुरुषाने करावी, हा उपाय साधा असला तरी उपयोगी आहे.

खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्याला जुन्या करारातील सर्वांत जवळचा ग्रंथ बहुधा हबक्कूक संदेष्ट्याचा ठरेल. हा ग्रंथ इसवी सनपूर्व सातव्या शतकाच्या अखेरीचा, अवघ्या तीन अध्यायांचा आहे, आणि त्याच्या शेवटच्या अध्यायात पीक बुडाल्याचे चित्र अत्यंत तपशीलवार येते : अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचे उत्पन्न हातचे गेले, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत. अंजिराच्या जागी पऱ्हाटी आणि जैतुनाच्या जागी तूर घातली तर हे वर्णन दर्यापूर किंवा भातकुली तालुक्यातील एखाद्या वाईट वर्षाचे होईल. यानंतर संदेष्टा म्हणतो की तरीही तो परमेश्वराच्या ठायी आनंद करील. हा भाग दिनदर्शिकांवर छापला जातो, पण ग्रंथाचा आरंभ सहसा छापला जात नाही. आरंभी हबक्कूक देवाला विचारतो की किती काळ ओरडायचे आणि तू ऐकणार नाहीस. देव उत्तर देतो, ते उत्तर त्याला पटत नाही, तो पुन्हा हरकत घेतो आणि टेहळणीच्या बुरुजावर उभा राहून दुसऱ्या उत्तराची वाट पाहतो. तिसऱ्या अध्यायातील आनंदापर्यंत तो या वाटेने येतो. शिवाय त्या आनंदाच्या उद्गारात पुढच्या हंगामात पीक चांगले येईल असे आश्वासन कोठेही नाही. संदेष्ट्याने आपला देव आणि आपले पीक यांची गाठ सोडवलेली आहे, आणि ती सुटली म्हणूनच पीक गेल्यावर देवही गेला असे त्याला वाटत नाही. ‘विश्वास ठेवा, बरकत येईल’ असा सौदा शिकवणाऱ्या प्रवचनांनी वऱ्हाडातील गरीब कुटुंबांचे जे नुकसान केले आहे, त्यावर हबक्कूकाचा तिसरा अध्याय पहिल्या दोन अध्यायांसह वाचणे हा उत्तम उतारा आहे.

यिर्मयाच्या 32व्या अध्यायातील प्रसंग याच्याही पुढे जातो, कारण तेथे भरवसा दस्तऐवजाच्या रूपात दिसतो. इसवी सनपूर्व 587च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला होता, यिर्मया स्वतः राजाच्या पहारेकऱ्यांच्या चौकात बंदिवान होता, आणि शहर पडणार हे तो स्वतःच सांगत आलेला होता. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल अनाथोथ गावचे शेत विकायला येतो, आणि यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देऊन ते शेत विकत घेतो. खरेदीखत लिहिले जाते, साक्षीदारांच्या सह्या होतात, मोहोरबंद प्रत आणि उघडी प्रत अशा दोन्ही प्रती यिर्मयाचा लेखनिक बारूख याच्या हाती सोपवून मातीच्या भांड्यात जपून ठेवायला सांगितल्या जातात, जेणेकरून त्या पुष्कळ दिवस टिकाव्यात. या देशात पुन्हा घरांची, शेतांची, मळ्यांची खरेदी-विक्री होईल हा त्यामागचा संदेश. विशेष हे की व्यवहार पुरा झाल्यावर यिर्मया देवाला विचारतो की शहर तर शत्रूच्या हाती जाते आहे, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस, हे कसे. म्हणजे मनातील शंका मिटण्याची वाट न पाहता त्याने काम केले, आणि शंका प्रार्थनेत मांडली.

कर्जबाजारी कुटुंबाने या अध्यायातून उचलायची पहिली गोष्ट म्हणजे कागद. संकटात पडलेली माणसे कागद पाहणे टाळतात, आणि न पाहिलेले देणे प्रत्यक्षापेक्षा मोठे होऊन मनावर बसते. प्रार्थनेनंतरच्या एखाद्या संध्याकाळी नवरा-बायकोने आणि शक्य असल्यास मोठ्या मुलांनी एकत्र बसून सर्व देणी एका वहीत लिहावीत : सोसायटी, बँक, बचत गट, कृषी केंद्र, सावकार, नातेवाईक, कोणाचे किती, व्याज किती, कोणते थांबू शकते आणि कोणते नाही. सातबारा, पीक विम्याची पावती आणि कर्जाचे खातेउतारे एका ठिकाणी ठेवावेत. ज्या सावकाराकडे परवाना नाही, त्याचा व्यवहार महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नुसार गुन्हा ठरतो, आणि सावकारीच्या व्यवहारात गेलेल्या जमिनीबाबत जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे दाद मागता येते. तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात तक्रार द्यायला जाणे हे देवावरील भरवशाच्या विरुद्ध आहे असे मानणारे लोक आहेत. लूकच्या शुभवर्तमानात न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाऊन न्याय मागणाऱ्या विधवेचा दाखला येशूने प्रार्थना शिकवतानाच दिला, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. डोंगरावरील प्रवचनात उद्याची चिंता करू नका असे जे म्हटले आहे, त्यात उद्याची तजवीज करू नका असा अर्थ नाही. मिसर देशात योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवले, तेही देवाच्या प्रेरणेनेच.

मराठी ख्रिस्ती परंपरेत या प्रकारच्या भरवशाचे सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे, आणि ते दुष्काळाशीच निगडित आहे. 1858 साली जन्मलेल्या रमाबाईंनी वयाच्या विशीच्या आत दक्षिणेतील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गमावली. भाऊ श्रीनिवास 1880 मध्ये आणि पती बिपिनबिहारी मेधावी 1882 मध्ये गेले. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. सदनाला कायमचे उत्पन्न असावे म्हणून केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेऊन त्यांनी फळबाग लावण्याचे ठरवले. 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्यांना ठेवायला केडगावची ती जमीन होती; तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. 1899-1900 च्या दुष्काळात, ज्याला ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हणतात आणि ज्यात वऱ्हाडही होरपळून निघाले, त्यांनी पुन्हा शेकडो मुलींना आश्रय दिला. त्या मुलींना विणकाम, छपाई, शेती अशी कामे शिकवली गेली. रमाबाईंच्या लेखनात प्रार्थनेचा आणि देवावर विसंबण्याचा उल्लेख सतत येतो, आणि त्यांच्या संस्थेत विहिरी, माग, छापखाना आणि हिशोबाच्या वह्या होत्या. या दोन गोष्टी त्यांच्या बाबतीत वेगळ्या काढता येत नाहीत. स्वतःच्या दुष्काळाची आठवण त्यांनी दुसऱ्याच्या दुष्काळात धावून जाण्यासाठी वापरली, आणि संकटात सापडलेल्या वाचकाने ही गोष्ट नीट पाहावी. कारण आपल्या दुःखातून सावरल्यावरच दुसऱ्याला मदत करता येते ही समजूत रमाबाईंच्या चरित्राला धरून नाही.

मनाची शक्ती पूर्ण संपलेल्या माणसाचा विचार मात्र निराळा करावा लागतो. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या 19व्या अध्यायात एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून आपले मरण मागतो. देव त्याला त्या क्षणी धीराचा उपदेशही करत नाही, दोषही देत नाही. त्याला झोप लागते, दूत त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, पुन्हा खाऊ घातले जाते. संवाद त्यानंतर, चाळीस दिवसांच्या प्रवासाच्या शेवटी होतो. हा क्रम मंडळीने पाळावा. ज्याची झोप उडाली आहे, जेवण तुटले आहे, जो माणसांत बसेनासा झाला आहे, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला आहे किंवा आवराआवर केल्यासारखे वागू लागला आहे, त्याला एकटे सोडू नये, फवारणीची औषधे घरातून हलवून कुलपात ठेवावीत, आणि त्याला डॉक्टरकडे न्यावे. टेली-मानस या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते. महाराष्ट्र शासनाने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी सुरू केलेला प्रेरणा प्रकल्प अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतही आहे; गावातील आशा ताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची विचारणा करावी. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर औषध आहे. प्रार्थनेने बरे होईल म्हणून औषध बंद करायला सांगणारा प्रचारक कितीही भक्तिमान दिसला तरी त्याचे ऐकू नये. कोठाऱ्याच्या कुष्ठरुग्णालयात जखमा धुणाऱ्या ख्रिस्ती माणसांनी प्रार्थना आणि औषधोपचार यांत कधी निवड केली नाही.

यापुढील भाग व्यक्तीचा नसून मंडळीचा आहे. पौलाने गलतीकरांना एकमेकांची ओझी वाहण्यास सांगितले. प्रेषितांच्या कृत्यांच्या 11व्या अध्यायात तर दुष्काळ पडणार हे कळताच अंत्युखियातील शिष्यांनी, प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे, यहूदीयातील बांधवांसाठी मदत पाठवल्याचे नमूद आहे. संकट येण्यापूर्वी ठरवलेला मदतनिधी असे त्याचे स्वरूप होते. रूथच्या ग्रंथात बवाजाच्या शेतात सरवा वेचणारी परकी विधवा दिसते. कापणीनंतर राहिलेला माल गरिबाने वेचावा ही वऱ्हाडालाही ठाऊक असलेली रीत तेथे नियमशास्त्राने हक्क म्हणून दिली होती. लहान मंडळीला मोठा निधी जमवता येणार नाही, पण कापणीच्या सणाच्या अर्पणातील ठरावीक वाटा त्या वर्षी पीक बुडालेल्या किंवा कर्ता गमावलेल्या कुटुंबासाठी, जात-धर्म न पाहता, राखून ठेवता येईल. दोन माणसांना बँक आणि तहसील कार्यालयात सोबत जाण्याचे काम नेमून देता येईल. विधवेच्या नावावर जमिनीचा फेरफार होईपर्यंत तिच्यामागे उभे राहता येईल. लग्नातील खर्चाबाबतही मंडळीने स्पष्ट भूमिका घ्यावी. भातकुली तालुक्यातील पूर्णाकाठच्या ऋणमोचन येथे ज्यांनी लोकसेवा केली त्या गाडगेबाबांनी कर्ज काढून सण-समारंभ करू नका हे आयुष्यभर सांगितले. ख्रिस्ती कुटुंबांनी ते आपल्याच भूमीतील शहाणपण म्हणून स्वीकारायला कोणतीच अडचण नसावी.

इतके सर्व करूनही काही संकटे टळत नाहीत. येशूने गेथशेमाने बागेत प्याला दूर व्हावा अशी विनंती केली आणि तो दूर झाला नाही. पौलाने आपल्या शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला आणि कृपा पुरेशी आहे एवढेच उत्तर मिळाले. ख्रिस्ती भरवशाचा गाभा येथे आहे : दुःखाबाहेर उभे राहून पाहणारा देव ख्रिस्ती श्रद्धेला ठाऊक नाही, वधस्तंभावर गेलेला देव तिला ठाऊक आहे, आणि पुनरुत्थानाची आशा त्या वधस्तंभाला वळसा घालून येत नाही. असे अपुरेपण मराठी ख्रिस्ती परंपरेलाही ठाऊक आहे : कवी नारायण वामन टिळक 1919 मध्ये निवर्तले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर काव्य अपुरे होते. त्यांच्या ज्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पतीच्या धर्मांतरानंतरच्या वियोगाची वर्षे आणि दारिद्र्य सोसले होते, त्यांनी ते पुढे लिहिले. प्रार्थनेला हवे ते उत्तर मिळाले नाही म्हणजे ती ऐकली गेली नाही असे होत नाही. पण हे वाक्य दुःखी माणसाला दुसऱ्याने ऐकवू नये, ते त्याचे त्यालाच सापडू द्यावे, आणि तोपर्यंत त्याच्या घरी जाणे सोडू नये.

वाचकाला विनंती इतकीच की, आपल्या गावात यंदा ज्याचे पीक गेले आहे आणि जो काही दिवसांपासून उपासनेला, बाजाराला किंवा पारावर दिसलेला नाही, त्याचे नाव आठवावे, रविवारची वाट न पाहता आजच त्याच्या घरी जावे, आणि जाताना सोबत जेवणाचा डबा न्यावा.